वानखडे सरांचं ‘इन ऑर्डर टू’

आमच्या धायरीच्या सोसायटीतून नुसतं ‘निघालो’ म्हणून कोणालाही निघता येत नाही. तळमजल्यावरचे वानखडे सर गॅलरीतून हटकतात, "इन ऑर्डर टू?"

मग उरलेलं वाक्य आपण पुरं करायचं. कोणी दळण आणायला, कोणी स्वारगेटला गाडी पकडायला. एकदा घाईत मी ‘फॉर भाजी’ म्हणालो, तर पिशवी हातात तशीच राहिली आणि शिकवणी सुरू झाली. ‘फॉर’पुढे नुसती वस्तू ठेवली तरी भागतं, ‘इन ऑर्डर टू’ म्हटलं की माणसाला काहीतरी करावं लागतं, असं सरांचं म्हणणं. सर मूळचे अमरावतीकडचे, पुण्यात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. खवचटपणा त्यांनी इथे येऊन कमावला की येताना सोबत आणला, हे मला अजून कळलेलं नाही.

मध्यंतरी चेअरमननी पार्किंगसाठी तातडीची सभा बोलावली. सरांनी गॅलरीतूनच आपला प्रश्न टाकला. चेअरमननी बराच विचार केला आणि सभा रद्द झाली. तेव्हापासून मी सरांना मानतो.

पण वाटेल तिथे ते हे शब्द चिकटवू देत नाहीत. ठेच लागते, म्हातारपण येतं, तिथे हे शब्द चालत नाहीत. "हेतू करण्याला असतो, होण्याला नसतो," असं त्यांनी मला एकदा बजावलं होतं.

परवा दुपारी मी वाटी घेऊन त्यांच्याकडे विरजण मागायला गेलो. वानखडे काकू ते आणायला उठून आत गेल्या. त्यांना अलीकडे विसरायला होतं, हे माझ्या कानावर होतं. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या त्या चपला घालून, खांद्याला पर्स लावून. दाराशी थबकल्या. चेहरा कावराबावरा झाला.

"मी कायले उठली होती जी?"

कोणालाही न सोडणाऱ्या सरांनी हातातला कप शांतपणे खाली ठेवला.

"आपल्याले फिराले जायचं होतं ना," ते म्हणाले.

असं काहीही ठरलेलं नव्हतं. पण काकूंचा जीव भांड्यात पडला. "मंग चला ना. मी तर तयारच आहे," त्या म्हणाल्या.

विरजणाची रिकामी वाटी मी पाठीमागे धरली. बाहेर ऊन रणरणत होतं. सरांनी छत्री उघडली, काकूंच्या डोक्यावर धरली आणि दोघं फाटकाबाहेर पडले.