चौथ्या पेटीतली मोकळी जागा

आमच्या गावात पाहुणा आला की वीरभद्रप्पा त्याला आधी दगड दाखवायचा, मग पाणी विचारायचा. "हा चाळीस मीटरवरचा. हा साठचा, जरा नाजूक हाय, हात लावू नका." जशी काय घरचीच लेकरं.

त्याचं असं झालं. जळकोटच्या अलीकडं माझ्या माळावर सर्वेक्षणाची माणसं आली. जमिनीखाली सिमेंटजोगा दगड हाय का, कारखाना निघंल का, हे बघायला त्यांनी मशीननं खोल भोक पाडलं. आतून मनगटाएवढे जाड, लाटण्यासारखे गोल दगड निघाले. ते खोलीप्रमाणं पेट्यांत लावून शेडात ठेवले. पहिल्याच रात्री गावानं त्यावर हात मारला, म्हणून वीरभद्रप्पाला, आमच्या आप्पाला, राखणीला नेमलं. वर्षात पगार थांबला. आप्पा थांबला न्हाई. "साहेब येतील, 'सगळं बरोबर मिळालं' अशी पावती देतील. मग मी मोकळा."

गेलेले तुकडे त्यानं घरोघर फिरून आणले. एक किराणावाल्याच्या दाराला अडसर होता. एकाला तर पारावर लोक बेल वाहत होते. आप्पानं हात जोडले, "देवा, तुमची नोंद सरकारात हाय," म्हणला अन् उचलून नेला.

राहिला एकच. तो काळा तुकडा माझ्या बायकोनं वरवंटा म्हणून आणलेला.

"नाना, द्या."

"न्हाई देत, जा."

"सरकारी माल हाय."

"माळ माझा, मग दगड सरकारचा कसा?"

भांडण रंगलं की बायको त्याला भाकरी अन् त्याच वरवंट्यानं वाटलेली चटणी वाढायची. तो पोटभर जेवायचा, "वैनी, चटणी झकास," म्हणायचा अन् उठता उठता पुन्हा दगड मागायचा. कैक वर्षं हेच चाललं.

मागच्या साली ती गेली.

यंदा साहेब पेट्या न्यायला येणार असा निरोप आला. आदल्या दिवशी आप्पा आला. मी दारात आडवा उभा राहिलो. तो बाजूनं आत शिरला, वरवंटा उचलला. तिच्या हातानं त्याची एक बाजू झिजून गुळगुळीत झालेली. आप्पानं तिथं अंगठा फिरवला. मग वरवंटा होता तसा पाट्यावर ठेवला, चपला घातल्या अन् गेला.

साहेबांनी वही उघडून पेट्या तपासल्या. चौथ्या पेटीत वीतभर जागा मोकळी.

"इथला कुठाय?"

मी शेजारीच उभा होतो. आप्पानं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

"माझ्या हातून हरवला, साहेब."

साहेबांनी पावतीवर तसंच लिहिलं. आप्पानं खाली सही केली.

मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. पण त्या कागदावरचं 'हरवला' मलाबी वाचता आलं. मी तोंड उघडलं, तर आप्पा खेकसला, "नाना, नुसते काय उभे? पेटीला हात लावा."

मी लावला.