बारदाना सोडून

शेषरावला मुलगी झाली तेव्हा नर्सने बाहेर येऊन सांगितलं, "तीन किलो शंभर."

शेषरावने विचारलं, "दुपटं धरून का सोडून?"

हा शेषराव माझा साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, निर्मलाताईचा नवरा. तिवस्याच्या अलीकडच्या एका गावात, एका व्यापाऱ्याच्या काट्यावर तो मापारी आहे. कापूस आला की कापूस मोजायचा, तूर आली की तूर. जगातल्या कुठल्याही वस्तूचं वजन ऐकलं की त्यातून बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन वजा केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मिठाईवाल्याला तो आधी रिकामं खोकं काट्यावर ठेवायला लावतो. एका लग्नात कोणीतरी म्हणालं, नवरीच्या अंगावर दहा तोळे आहे. हा म्हणाला, "मण्यातली लाख सोडून?" व्याही तीन दिवस बोलत नव्हते.

मी बी.ए. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. ज्युनियर कॉलेजात क्लार्क आहे. शेषराव सातवी नापास. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. खरं तर त्यासाठीच सांगतो, कारण आमच्या सासरी, अकोल्याकडच्या त्या गावात, माझ्या बी.ए.ला कोणी विचारत नाही. तिथे दोनच जावई, दोघंही जाड, आणि सगळी हौस कोणता जास्त खातो हे पाहण्याची.

मोबाइलवरच्या डॉक्टरचा शोध मी लावला. माझ्यासाठी लावला. वजन उतरवायची सुई, आठवड्यातून एकदा पोटात टोचायची. डॉक्टर व्हिडिओवर तपासतात, चिठ्ठी पाठवतात, आणि अमरावतीचा मेडिकलवाला थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून औषध एसटीने धाडतो. मी सगळं वाचून काढलं. एकट्याला बरं वाटेना म्हणून शेषरावचंही नाव घातलं. फॉर्म मी भरले. इंग्रजी मी वाचलं. त्याच्या छपरीतच नेटवर्क चांगलं येतं, म्हणून एका रविवारी आम्ही दोघं तिथल्या बाजेवर बसलो आणि फोन तांब्याला टेकवून उभा केला.

डॉक्टर मॅडम पुण्याच्या होत्या. त्यांनी माझं वजन, उंची, तपासण्या पाहिल्या. "साखर नाही, बीपी नाही. तुम्हाला या औषधाची गरज नाही. रोज पाऊण तास चाला आणि रात्रीचं जेवण कमी करा."

मी म्हणालो, "मॅडम, मी पदवीधर आहे."

त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला लगेच कळेल."

शेषरावचा नंबर आला. वजन किती? "एकशे एकोणीस. बारदाना सोडून." साखर होती, बीपी होतं. मग त्यांनी विचारलं, "झोपेत घोरता? श्वास मध्येच थांबतो का?"

"नाई बा," शेषराव म्हणाला.

दारातून निर्मलाताई म्हणाली, "थांबते. हालवा लागते."

"किती वेळा?"

"मोजलं नाई. थांबला का हालवा लागते."

मॅडमचा चेहरा बदलला. हे धोक्याचं आहे, म्हणाल्या. झोपेची तपासणी करून घ्या, आणि वजन शंभराच्या खाली यायलाच हवं. औषध सुरू करू, पण चौथ्या महिन्यापर्यंत पुरेसं उतरलं नाही तर बंद करून दुसरा विचार करावा लागेल.

"मंजूर," शेषराव म्हणाला. सौदा पटल्यासारखा.

आयुष्यात पहिल्यांदा मी नापास झालो होतो आणि सातवी नापास माणूस पास झाला होता.

दर महिन्याच्या कॉलला मी जायचो. औषधांची नावं, रिपोर्टातलं इंग्रजी शेषरावला झेपत नसे. म्हणजे माझ्याच मदतीने तो बारीक होत होता आणि मी पेट्रोल जाळून ते बघायला जात होतो. सुई त्याने फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ठेवली होती. बुधवारी, बाजाराच्या दिवशी, टोचायचा. पहिले दोन आठवडे त्याला मळमळलं. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात मळमळ थांबली.

मग सासऱ्यांनी रोडग्यांचा कार्यक्रम केला. शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार. अशा पंगतीत शेषराव आठ रोडगे खायचा आणि मी सात. बावीस वर्षांचा माझा हा दुसरा नंबर. त्या दिवशी शेषराव दीड रोडगा खाऊन ताटावरून उठला.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाजी बिघडली का, बाप्पा?"

"नाई मामीजी, भाजी फसकिलास हाय. मलेच भूक नाई."

मग सगळी पंगत त्याच्याभोवती. कोणी ताक आणतंय, कोणी लिंबू कापतंय. मी सात खाल्ले. इतक्या वर्षांनी पहिला आलो आणि कोणाचं लक्ष नव्हतं. वर सासरे म्हणाले, "शेषराव कसा पोट्ट्यासारखा दिसून रायला! आन तुमी हो, बीए? तुमी काहून वाढून रायले?"

निर्मलाताई या गडबडीत भिंतीला टेकून झोपली होती. ती कुठेही झोपायची. लग्नात, कीर्तनात, एसटीत उभ्याने. हळद लावता लावता नवरीच्या खांद्यावर एकदा झोपली होती. आम्ही सगळे तिला हसायचो. "बाईले झोपेचा गोल्ड मेडल द्या," असं मीच म्हणालो होतो, आणि घरभर ते चाललं होतं.

चौथ्या महिन्याच्या कॉलआधी मला शेषरावची डायरी सापडली. सापडली म्हणजे बाजेवर पडली होती आणि मी उघडली. दर बुधवारी तो काट्यावर स्वतःला मोजायचा आणि लिहायचा. पण काट्याने दाखवलेला आकडा तो तसा ठेवत नव्हता. खाली एक रेघ, आणि मग: चप्पल, बेल्ट, मोबाइल, चाव्या, एक किलो दोनशे. कपडे, आठशे. ओलावा, पाचशे.

"हा ओलावा कशाचा?"

"सकाळी चहा पेलो, पाणी पेलो. ते माह्यं वजन हाय का?"

अडीच किलो! मॅडमला सांगितलेला प्रत्येक आकडा अडीच किलोने खोटा. मला जो आनंद झाला तो पदवीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. चौथा महिना होता. उतार खोटा निघाला तर औषध बंद होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी, कॉल लागल्याबरोबर, मॅडमने नमस्कार म्हणायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. ओलाव्यासकट.

निर्मलाताई दाराची चौकट धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलो नाही.

"शेषराव," मॅडम म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मला एकशे एकोणीस सांगितलं, तेही असंच कापून होतं का?"

"हो नं मॅडम. पयल्या दिवशीबी अडीचच कापले. काट्याचा नियम सगळ्याले एकच. एका दिवशी कापायचे आन दुसऱ्या दिवशी नाई, असं माह्या काट्यावर चालत नाई."

म्हणजे सुरुवातही अडीच कमी आणि आजचंही अडीच कमी. उतार जितका होता तितकाच. बारा किलो, खरेखुरे. मॅडम हसायला लागल्या. म्हणाल्या, औषध चालू ठेवा, चांगलं चाललंय, फक्त यापुढे काटा दाखवतो तेच सांगा. मग त्यांना माझी आठवण झाली. "आणि तुमचं काय? चालता का रोज?"

"तीन किलो वाढला," शेषराव माझ्यातर्फे म्हणाला. "बारदाना सोडून."

निघताना मी त्याची माफी मागेन असं ठरवलं होतं, पण जमलं नाही. त्याने मात्र गाडीच्या डिकीत वांग्यांची पिशवी टाकली. रागावल्याचं काही चिन्ह नाही. याचाही मला रागच आला.

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी दहा वाजता, कॉलसाठी मी पुन्हा त्याच्या दारात. नेहमी मला बघून तो काट्यावरच्या आवाजात ओरडतो, "या, बीए!" त्या दिवशी तो अनवाणी पायांनी, बोटांवर चालत आला. शंभराच्या वर वजनाचा माणूस बोटांवर चालताना मी पहिल्यांदाच पाहिला. तोंडावर बोट ठेवून त्याने मला अंगणात लिंबाखाली नेलं.

"छपरीत बसू नं. इथं रेंज नाई," मी म्हणालो.

"हळू बोल ना बे!"

छपरीतल्या बाजेवर निर्मलाताई झोपली होती. कुशीवर, तोंड थोडं उघडं, पदर सुटलेला. भरल्या सकाळी. बाजेखाली चहाचा कप तसाच, त्यावर साय धरलेली.

लिंबाखाली कॉल तीनदा कटला. चौथ्यांदा लागला. "वजन किती?" मॅडमने विचारलं.

शेषराव फोन तोंडाजवळ नेऊन कुजबुजला, "आज नाई केलं, मॅडम."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बुधवारी केलेलं सांग, असं मी म्हणालो, तर म्हणाला, "तवाबी नाई केलं. काट्यावर सकाळीच जा लागते, आन आमच्या फाटकाची कडी लय वाजते. बायको उठून जाते."

"बरं. घोरणं कसं आहे? श्वास थांबतो का अजून?"

"मले काय मालूम? मी तं झोपेलो असतो." तो छपरीकडे बघत राहिला. "ते सांगत होती, कमी झालं म्हणून. आठ वर्सं मॅडम, मले हालवाले ते जागीच रायली. रातभर हात छातीवर. मले तुमी इचारलं तवा समजलं. आमी तिले हसत होतो." मग म्हणाला, "तुमी आवाज जरा कमी ठेवा. जोरात नोका बोलू."

पुण्याच्या मॅडम तिकडून खरंच हळू आवाजात बोलल्या, "झोपू द्या त्यांना. वजन पुढच्या वेळी सांगा."

मी गाडी फाटकापासून पन्नास पावलं ढकलत नेली आणि मग चालू केली.

घरी आलो तर माझी बायको सुनीता पोळ्या लाटत होती. "काय म्हणतात भाऊजी? किती उतरलं?"

"मोजलं नाही म्हणाला."

"भाऊजीनं? मोजलं नाई?" तिचं लाटणं थांबलं.

मी चपला काढल्या. पाणी प्यायलो. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं. ते कधीपासून होतं, मला सांगता आलं नसतं.

"सुनीता," मी म्हणालो, "मी घोरतो का?"

तिने पोळी तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली. माझ्याकडे पाहिलंच नाही.

"बावीस वर्सांनी इचारून रायले," ती म्हणाली.