व्ही. जे. मेलडीजची फूट

जयवंत साटमला आपल्या कीबोर्डपेक्षा आपल्या मेसेजचा अभिमान जास्त होता. कीबोर्ड काय, विरारमध्ये दर तिसऱ्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी वाजवतंच. पण हंगाम सुरू होताना अडीचशे रसिकांना स्वतः मजकूर लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारा कलाकार सबंध फुलपाड्यात एकच, असं त्याचं मत होतं. या मताला कोणी विरोध केलेला नव्हता, कारण कोणाला विचारलेलंच नव्हतं.

ऑर्केस्ट्राचं नाव व्ही. जे. मेलडीज. व्ही म्हणजे व्हॅलेरियन तुस्कानो. राहणार वसईत, होळी नावाच्या नाक्याच्या बाजूला. सकाळी केळीची वाडी आणि संध्याकाळी ट्रम्पेट. जे म्हणजे जयवंत. ऑक्टोपॅडवर प्रीतम, ज्याला जन्मात कोणाला नाही म्हणता आलं नव्हतं. गाणारा त्यांनी ठेवला नव्हता. गाणारा आधी माईक मागतो आणि मग मान, असा दोघांचा अनुभव होता. बावीस वर्षं हे दोघं हळदी, लग्नं, नाताळच्या पार्ट्या, सत्यनारायणाच्या पूजा, सगळं एका स्टेजवर वाजवत आले होते. देव कुठलाही असो, व्हॅलेरियन ट्रम्पेट पुसून हजर.

यंदा संक्रांतीला जयवंतने ठरवलं की नुसत्या तारखा कळवायच्या नाहीत. तारखा तर गॅस एजन्सीवालाही कळवतो. कलाकाराने काळाबद्दल चार शब्द बोलायला हवेत. तो सकाळपासून खिडकीत बसून काळाकडे बघत होता, म्हणजे समोरच्या बिल्डिंगकडे, आणि दुपारी त्याने मजकूर बायकोला वाचून दाखवला. 

"सुनंदा, ऐक हं," तो म्हणाला. सुनंदा घरी शिकवण्या घेत असे. ती तेव्हा सातवीचे पेपर तपासत होती.

"रसिकहो, तिळगूळ घ्या, गोड बोला. सव्वीस जानेवारीला आपण फुलपाड्यात भेटतोय, फेब्रुवारीत हळदीच्या काही तारखा शिल्लक आहेत. पण आज मन जड आहे. जिकडे पाहावं तिकडे फूट. काल एका ताटात जेवणारे आज एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आम्हीही यातून सुटलो नाही. बावीस वर्षांनी कळतं, सूर जुळणं सोपं, मनं जुळणं अवघड. असो. आपला, जयवंत."

सुनंदाने लाल पेन खाली ठेवलं. "त्या 'असो'च्या पुढे काय आहे?"

"काही नाही. तिथे वाचकाने विचार करायचा."

"वाचक करतो हो विचार. तीच तर भीती आहे."

जयवंतने मेसेज पाठवला. यादीत व्हॅलेरियनचं नाव नव्हतं. स्वतःच्याच ऑर्केस्ट्राची बातमी स्वतःच्याच ट्रम्पेटवाल्याला कोण पाठवतं?

संध्याकाळपर्यंत जी उत्तरं आली त्यांनी जयवंतचं मन भरून आलं. गेली दहा वर्षं त्याच्या मेसेजला एक अंगठा मिळायचा, फार तर दोन जोडलेले हात. यंदा लोक सविस्तर लिहीत होते. 'वाचून धक्का बसला.' 'धीर धरा.' 'वेळ हेच औषध.' एकाने तर 'जे झालं ते बरंच झालं' असं लिहिलं. ते वाक्य जयवंतला जरा कळलं नाही, पण खोल वाटलं.

मग विमलाताईंचा फोन आला. या विमलाताई म्हणजे 'मोरया दर्शन' सोसायटीच्या बी विंगच्या सर्वेसर्वा. या सोसायटीत तीन वर्षांपूर्वी पाण्याच्या टँकरची नळी आधी कोणाच्या टाकीत सोडायची यावरून वाद झाला. टँकर निघून गेला, वाद राहिला. तेव्हापासून ए विंग आणि बी विंगच्या मध्ये कमरेएवढी भिंत, दोन वॉचमन आणि सव्वीस जानेवारीला दोन सत्यनारायण. व्ही. जे. मेलडीज तीनही वर्षं ए विंगकडे वाजवायची आणि बी विंगवाले खुर्च्या पाठमोऱ्या लावून ती फुकट ऐकायचे.

"जयवंतराव, वाचलं," विमलाताई हळू आवाजात म्हणाल्या. "फार वाईट वाटलं."

"काय करणार, ताई. कोणीतरी बोलायला हवं होतं."

"किती दिवस चाललंय हे?"

"झाली की चार-पाच वर्षं."

"बाहेरून कधी वाटलं नाही हो."

"बाहेरून सगळं छानच दिसतं. आतून पोखरलेलं असतं," जयवंत म्हणाला. आपण इतकं चांगलं बोलू शकतो हे त्याला त्या दिवशीच कळत होतं.

"चूक कोणाची म्हणायची?"

"एकाची कशी म्हणू? पण ताई, जो सगळ्यांत मोठ्याने वाजवतो ना, त्याला वाटतं तोच खरा."

ट्रम्पेटपेक्षा मोठ्याने काय वाजतं, याचा हिशेब विमलाताईंनी मनात केला असावा. "समजलं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

व्हॅलेरियनला ही बातमी रविवारी मिसा संपल्यावर चर्चच्या आवारात कळली. क्वायरमधल्या प्रिस्काने त्याचा हात हातात घेतला आणि देव दोघांनाही शांती देवो असं म्हटलं. व्हॅलेरियनला वाटलं घरात कोणी गेलं. मग तिने मेसेज दाखवला. त्याने तो तीनदा वाचला. 'आम्हीही यातून सुटलो नाही' इथे तो तीनही वेळा थांबला.

"फोन करून विचार त्याला," त्याची बायको रोझलिन घरी आल्यावर म्हणाली.

"अडीचशे लोकांना कळवलं, मला नाही कळवलं. आता मी विचारू?"

तेवढ्यात ए विंगचा कारभार बघणारे गंगाराम काका लाईनवर आले; विमलाताईंचं फोनवरचं बोलणं भिंत ओलांडून त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. "व्हॅलेरियन, साटम तुमच्याबद्दल काय बोलला ते मी सांगणार नाही," असं म्हणून त्यांनी ते मोठ्याने वाजवण्याचं सगळं, थोडी भर घालून, सांगितलं. "जाऊ दे. तुम्ही वेगळे झालात तरी आमची तारीख तुमच्याकडेच. याल ना?"

व्हॅलेरियन केळीच्या पानांकडे बघत "येईन" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी विमलाताईंनी जयवंतला पुन्हा फोन केला. सव्वीसला बी विंगकडे वाजवायचं आमंत्रण होतं.

"ताई, आम्ही ए विंगला शब्द दिलाय."

"तो व्हॅलेरियनने घेतला की. तो एकटा जातोय तिकडे. तुम्हाला माहीत नाही?"

जयवंत खाली बसला. "एकटा? मला सोडून?"

"सोडून काय, तुम्हीच तर सगळ्यांना कळवलंत. इतकं छान लिहिलंत."

त्याने मेसेज पुन्हा काढून वाचला. पहिल्यांदा वाचताना त्यात देश होता, समाज होता, काळ होता. आता वाचताना त्यात फक्त व्हॅलेरियन होता. असं कसं झालं ते त्याला कळेना.

"आता तरी त्यांना फोन करा," सुनंदा म्हणाली.

"मी का करू? बावीस वर्षं ओळखतो मला. त्याला शंका आली तर त्याने विचारायला नको?"

"त्यांनाही बहुतेक तसंच वाटत असेल."

"मग करू दे त्याने फोन."

सुनंदाने त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा सातवीच्या पेपरांकडे वळली. तिथे निदान उत्तरं चुकली तर चूक म्हणता येत होतं.

सव्वीसपर्यंत दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला फोन केला नाही. फेब्रुवारीतल्या हळदीवाल्यांनी मात्र केले. एकाने विचारलं, हळदीला व्ही चांगला की जे? दुसरा म्हणाला, तुमचं मिटू द्या, तोवर आम्ही बँजोवाले बघतो. जयवंतने रोज रात्रीऐवजी रोज दुपारी रियाज सुरू केला, कारण रात्री त्याला आठवायचं की या वेळेला व्हॅलेरियनचा फोन यायचा: कुठलं गाणं कुठल्या पट्टीत, आणि वाडीतली केळी पाठवू का. यंदा संक्रांतीनंतर घरात एकही केळ आलं नव्हतं. बाजारातली आणली तर ती त्याला फिकी लागली.

प्रीतमला दोघांनीही बोलावलं होतं आणि तो दोघांनाही हो म्हणाला होता.

सव्वीसला संध्याकाळी जयवंत बी विंगच्या स्टेजवर चढला. भिंतीपलीकडे, पाठीला पाठ लावून, ए विंगचं स्टेज. दोन्हीकडे सत्यनारायण, दोन्हीकडे शिरा, दोन्हीकडे तोच भटजी, फक्त उपरणं बदलून आलेला. आणि भिंतीवर फळ्या टाकून, त्यावर ऑक्टोपॅड मांडून प्रीतम बसलेला. एक तार इकडे, एक तार तिकडे.

"हा कोणाचा?" गंगाराम काकांनी विचारलं.

"आमचा," विमलाताई म्हणाल्या.

"काका, मी भिंतीचा," प्रीतम म्हणाला. "भिंत दोघांची आहे ना?"

भिंतीचा खर्च दोन्ही विंगनी उचलला होता, त्यामुळे प्रीतम तिथेच राहिला.

सात वाजता कार्यक्रम सुरू झाला आणि दोन मिनिटांत त्याची माती झाली. जयवंतने शांत भक्तिगीत काढलं, पलीकडे व्हॅलेरियनने हळदीचं गाणं धरलं. प्रीतम चार मात्रा इकडे आणि चार मात्रा तिकडे असा वाजवू लागला. बी विंगच्या आजीबाई डोळे मिटून बसल्या होत्या, त्या मधूनच दचकू लागल्या. ए विंगमध्ये नाचायला उठलेली मंडळी एक पाय वर घेऊन तो कधी टाकायचा याची वाट बघत उभी राहिली. दोन्ही विंगनी आपापले स्पीकर वाढवले. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात येऊन म्हणाले, काचा हलताहेत. त्यांना दोन्हीकडून सांगितलं गेलं, तिकडच्यांना सांगा.

तिसऱ्या गाण्याला जयवंतची खरी पंचाईत झाली. ते जुनं गाणं त्याने शेकडो वेळा वाजवलं होतं, आणि मुखडा संपला की त्याचे हात आपोआप थांबायचे. तिथला तुकडा ट्रम्पेटचा होता. बावीस वर्षं तिथे त्याने कधी काही वाजवलंच नव्हतं, त्यामुळे तिथे काय वाजवतात हेच त्याला ठाऊक नव्हतं. हात थांबले. प्रीतमचा ताल एकटाच चालू राहिला. समोरच्या खुर्च्यांवरचे चेहरे वर झाले. जयवंतच्या कपाळावर जानेवारीत घाम आला.

आणि भिंतीपलीकडून ट्रम्पेट आला. बरोबर त्याच जागी, त्याच पट्टीत, शेवटचा सूर थोडा जास्त ताणून. तो ताणू नकोस म्हणून जयवंतने त्याला बावीस वर्षं सांगितलं होतं.

पलीकडे व्हॅलेरियनने आपलं गाणं अर्धवट सोडलं होतं. गंगाराम काका त्याला खुणा करत होते. तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

त्यानंतर कोणी काही ठरवलं नाही. व्हॅलेरियनने पुढचं गाणं उचललं, त्याखालचे स्वर जयवंतने भरले. प्रीतमने त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सलग एक ताल धरला. दोन्हीकडच्या लोकांनी खुर्च्या भिंतीकडे सरकवल्या. मग पलीकडचा वाजवणारा दिसेना म्हणून अगदी भिंतीला लावल्या. इकडच्या शिऱ्याचे द्रोण तिकडे गेले आणि तिकडचा शिरा जास्त गोड आहे यावर दोन्ही विंगचं एकमत झालं.

मध्यंतरात दोघं भिंतीपाशी आले. प्रीतम त्यांच्यामध्ये बडीशेप चघळत बसला होता. तो हलला नाही.

"मेसेज मला का नाही पाठवलास?" व्हॅलेरियन म्हणाला.

"तो रसिकांना होता. तू रसिक आहेस का? तू घरचा आहेस."

"आणि मी मोठ्याने वाजवतो?"

"ते मी पुढाऱ्यांबद्दल बोललो, व्हॅली. तू मोठ्याने वाजवतोसच, पण ते वेगळं."

व्हॅलेरियनने ट्रम्पेट पुसला. बराच वेळ पुसला. "घरी केळीचा घड पडलाय," तो म्हणाला. "उद्या येऊन घेऊन जा, नाहीतर काळा पडेल."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या रविवारी 'मोरया दर्शन'मध्ये दोन्ही विंगची संयुक्त सभा भरली, तीन वर्षांत पहिलीच. दोघांना सन्मानाने बोलावलं होतं. जयवंतने इस्त्रीचा कुर्ता घातला, व्हॅलेरियनने मिसेचे बूट. फुटीच्या काळात आपण दोन विंग जोडल्या, यावर काय बोलायचं ते जयवंतने मनाशी योजून ठेवलं होतं.

गंगाराम काका उठले. "त्या दिवशी सगळे एकत्र आले, ते या कलाकारांमुळे," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. "म्हणून पुढच्या वर्षीपासून एकच सत्यनारायण, एकच मंडप. विमलाताई, बरोबर?"

"अगदी," विमलाताई म्हणाल्या. "आणि डीजे. ऑर्केस्ट्राला दोन स्टेज लागतात, ते आपण बघितलंच. मंडप एकच असल्यावर ते कसं जमणार?"

विरोधात कोणी आहे का, असं विचारण्यात आलं. तीन वर्षांत प्रथमच विरोधात कोणीही नव्हतं. ठराव एकमताने मंजूर झाला. मग सत्कार झाला. एक शाल आणि एक नारळ. तुम्ही दोघं आता एकच, तेव्हा दोन-दोन कशाला, असं काका हसून म्हणाले.

खाली आल्यावर दोघं जयवंतच्या स्कूटरपाशी उभे राहिले. व्हॅलेरियनला स्टेशनवर सोडायचं होतं आणि वारा गार होता.

"मागे बसणाऱ्याला थंडी जास्त लागते," व्हॅलेरियन म्हणाला आणि त्याने शाल पांघरली.

जयवंतने नारळ डिकीत ठेवला. बावीस वर्षांत व्ही. जे. मेलडीजची ही पहिलीच वाटणी.