मोहित्यांचं स्थिर डोकं

लोक रक्त द्यायला जातात, तसे आमचे शेजारी मोहिते दर मंगळवारी डोकं द्यायला जात. त्या दिवशी अंगावर नाडीचा पायजमा आणि बिनबटणांची बंडी. पट्टा, घड्याळ, चष्मा घरी. मी रस्त्यात दिसलो की लांबूनच ओरडत, "मास्तर, खिशात किल्ल्या आहेत ना? मग तिकडनंच बोला. लोखंड नको!" चष्मा नसल्यामुळे एकदा त्यांनी विजेच्या खांबाला "केम छो" केलं होतं. खांब लोखंडी आहे हे कळल्यावर पश्चात्तापही.

बडोद्यातल्या एका प्रयोगशाळेत मेंदूचं चुंबकत्व मोजायचं यंत्र बनत होतं. मेंदू चालू असला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पण इतकं क्षीण की शेजारून गेलेली स्कूटरही ते बुडवून टाकते. परदेशी यंत्रं त्यासाठी भयंकर थंडीत ठेवावी लागत. इथले संवेदक मात्र साध्या हवेत चालत, टोपीत बसवून थेट डोक्याला लावता येत. ते तपासायला न हलणारं डोकं हवं होतं. मोहित्यांचं घराणं संस्थानच्या फौजेतलं, पहाऱ्यावरचं. "पणजोबांच्या नाकावर माशी बसायची, तरी हलायचे नाहीत," ते सांगत. आयुष्यभर प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात लोखंड ठोकलेला माणूस निवृत्तीनंतर लोखंडाला विटाळ मानू लागला.

यंत्राच्या उद्घाटनाला पाहुण्यांची भाषणं यंत्र बनवायला लागला असेल तेवढा वेळ चालली. मुख्य पाहुण्यांनी विचारलं, "याच्यात मनातलं दिसतं का?"

"दिसेल की साहेब," मोहिते म्हणाले, "पण आधी मनात काहीतरी लागतं."

त्यांना जरीची शाल मिळायची होती. ती तिथेच राहिली.

मोहित्यांची ही जीभच घरात नडली होती. मुलगा राजू. त्याला त्यांनी खटपट करून रेल्वेत चिकटवलं होतं. मोबाईल कंपन्या आल्या, तसा तो कायमची नोकरी सोडून एका कंपनीत गेला. मोहिते त्याच्या सासरच्या माणसांसमोर म्हणाले, "याच्या डोक्यात भुसा आहे." त्या दिवसापासून राजू त्याच घरात वरच्या मजल्यावर राहत होता आणि बापाशी बोलत नव्हता. आई असती तर मध्ये पडली असती. ती आधीच गेली होती.

एका मंगळवारी मोहिते माझ्याकडे आले. प्रयोगशाळेतल्या हेतलबेनना बघायचं होतं, परका आवाज आणि घरचा आवाज मेंदूला वेगळे कळतात का. घरचं कुणीतरी हाक मारणारं हवं होतं.

"तुम्ही सांगा राजूला," ते म्हणाले. "नुसतं 'बाबा' म्हणायचं. एकदाच. सायन्ससाठी आहे म्हणावं. माझ्यासाठी नाही."

मी वर गेलो. राजूने ऐकून घेतलं. "त्यांच्या डोक्यात काय आहे ते मला यंत्राशिवाय माहीत आहे, सर," तो म्हणाला. तिथे यायला त्याने साफ नकार दिला. शेवटी माझ्या मोबाईलसमोर, टेलिफोनचं बिल भरताना खिडकीवर नाव सांगावं तशा आवाजात, तो "बाबा" म्हणाला. "झालं? मला मीटिंग आहे."

पत्र्यांनी मढवलेल्या आतल्या खोलीत मोहिते टोपी घालून बसले. आवाज प्लॅस्टिकच्या नळीतून त्यांच्या कानात जाणार होता. हेतलबेन आणि मी बाहेर पडद्यासमोर. आधी परक्यांच्या हाका सोडल्या. पडद्यावरच्या रेघा शहाण्यासारख्या चालल्या. मग राजूचं "बाबा" गेलं आणि रेघा वेड्यावाकड्या उसळल्या. मला वाटलं, सापडलं!

हेतलबेननी कपाळाला हात लावला. "आ शुं कर्युं, काका? मान वळवली तुम्ही! तुम्ही तर कधी हलत नाही!"



"दाराकडे बघितलं जरा," मोहिते आतून म्हणाले.

"हे बाद करावं लागेल, काका."

"कर. पुन्हा लाव."

हेतलबेननी पुन्हा लावलं. पुन्हा बाद झालं.