मालक चालू स्थितीत

गाडीला पंधरा वर्षं झाली की तिच्या मालकाचं पासिंग करून आणावं लागतं. गाडीचं नाही. गाडी काय, लोखंडच ते, तिचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. प्रश्न मालकाचा असतो. आमच्या कराडात हे पासिंग दर बुधवारी होतं आणि मालकाला घरच्या माणसानं घेऊन यायचं असतं. एकटे निघालेले मालक वाटेत मिसळ खायला थांबतात, असा खात्याचा अनुभव आहे.

मला शालननं नेलं. शालन माझी बायको. पासिंग होईपर्यंत मालकाला स्टिअरिंगला हात लावता येत नाही, म्हणून गाडीही तिनंच चालवली.

आमची गाडी चॉकलेटी रंगाची. घेतली तेव्हाच सेकंडहँड होती. तिला पेट्रोल लागतं, ऑइल लागतं, पाणी लागतं आणि चढावर थोडं कौतुक लागतं. शालन दर महिन्याला म्हणते, "अहो, विकून टाका तो खटारा." आणि मी दर महिन्याला बॉनेटवर हात ठेवून म्हणतो, "अगं, नवीन गाडी बिघडली तर आत काय झालंय ते कुणाला कळतं? हिचा नुसता आवाज ऐकून मी सांगतो, कुठं दुखतंय ते." गाडी बहुतेक वेळा तेव्हाच बंद पडते.

नापास झालेला मालक तिथंच जमा करून घेतात आणि बदल्यात दुसरा देतात. घर, गाडी, बायको सगळं मग त्याचं. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, असं लोक म्हणतात. शेजारच्या कदमवहिनींनी मागच्या वर्षीच बदलून आणला. नवे कदम सकाळी उठून अंगण झाडतात. शालन खिडकीतून ते बघत असते. मला आदल्या दिवसापासून जेवण जात नव्हतं, म्हणजे दुसऱ्यांदा वाढलेलं जात नव्हतं.

तपासणीला मुळीकसाहेब होते. त्यांनी मला रॅम्पवर उभं केलं, खालून वरून बघितलं आणि प्रश्न मात्र सगळे शालनला विचारले.

"सकाळी स्टार्ट कसा होतो?"

"हाकेला होत नाहीत. चहा दाखवावा लागतो."

"साहेब, मी साखर कारखान्यात टाइमकीपर होतो," मी म्हणालो.

"हॉर्न चालू आहे," साहेब स्वतःशीच म्हणाले. "ॲव्हरेज?"

"दोन भाकरीत बाजारापर्यंत जातात. परत यायला भजी लागतात."

"वरखर्च?"

"गुडघ्याला तेल, बीपीची गोळी, शिवाय कवळी."

"ओरिजिनल काय काय राहिलंय?"

शालननं मला नीट न्याहाळलं. "कान आहेत," ती म्हणाली. "पण त्यांचा वापर नाही."

"ब्रेक?"

"जेवताना लागत नाहीत. बोलताना तर नाहीच नाही."

"रिव्हर्स?"

मी लगेच चार पावलं मागं चालून दाखवलं. साहेबांनी मान हलवली. "तसला नव्हे हो. वादात विचारतोय."

"अजून बघायला मिळाला नाही," शालन म्हणाली.

"बरं. आता भरवशाचं सांगा. ऐन वेळेला उपयोगी पडतात का?"

मला वाटलं, इथं तरी ती सांभाळून घेईल. शालन म्हणाली, "भाजी आणायला सांगितली की भाजी आणतात, पण सांगितलेली आणत नाहीत. आणि मला दवाखान्यात नेलं की सुई बघून चक्कर यांनाच येते. डॉक्टर मग आधी यांना झोपवतात."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी रॅम्पवर उभा राहून बुटाकडं बघत होतो.

"वहिनी, स्पष्टच बोलतो," मुळीकसाहेब म्हणाले. "खर्च जास्त, भरवसा कमी. असा मालक ठेवणं परवडत नाही. पलीकडं लिंबाखाली तिघं बसलेत. घेऊ नका हवं तर, पण बघून तर या."

शालन सरळ नको म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं पदर खोचला आणि ती गेली.

बाकावर तिघं ओळीनं बसले होते. ती मधल्यापाशी थांबली. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, फार वापरलेले दिसत नव्हते. दात स्वतःचे. तिनं त्यांना उभं केलं, चालायला लावलं, आणि मग विचारलं, "भाजीत मीठ कमी पडलं तर?"

"वरून घेईन की," ते म्हणाले.

शालन हसली. ते हसू मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं, आणि कुणामुळं बघितलं नव्हतं हेही मला माहीत होतं. मला तिच्याशिवाय राहायचं नव्हतं. अंगणबिंगण सगळं झाडलं असतं मी.

"शालन!" मी रॅम्पवरून ओरडलो. "मी पण वरून घेईन गं!"

"हॉर्न एकदा तपासून झालाय," मुळीकसाहेब म्हणाले.

शालन परत आली. माझ्याकडं बघितलंही नाही.

"साहेब, तो मधला चांगला आहे. पण बिघडला तर?"

"सहसा बिघडत नाही."

"सहसा म्हणजे बिघडतो. मग काय झालंय ते कळायचं कसं?"

"त्यांचा आवाज होत नाही, वहिनी. नव्यातलं मॉडेल आहे. शोरूमलाच न्यावं लागतं."

"म्हणजे घरात बसलाय, आणि आत काय चाललंय ते मला कळणार नाही?"

"नाही."

"मग राहू दे," शालन म्हणाली. तिनं माझ्या टकलावर हात ठेवला. "यांचं नुसतं खोकणं ऐकून मी सांगते, कुठं दुखतंय ते."

मुळीकसाहेबांनी मोठा सुस्कारा सोडला आणि शिक्का उचलला. "एकहातीच आहेत ना?"

"पहिल्यापासून माझ्याच हातात आहेत."

त्यांनी माझ्या मनगटावर पाच वर्षांचा शिक्का मारला आणि तो वाळेपर्यंत हात धुऊ नका म्हणून बजावलं. बाकावरचे गृहस्थ मला हात जोडून नमस्कार करत होते. माणूस खरंच चांगला होता.

येताना शालनच चालवत होती. मी शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होतो. कोयनेच्या पुलाच्या अलीकडं तिनं कान टवकारले.

"अहो, कसला आवाज येतोय हा? सूं सूं?"

"गाडीचा," मी तोंड न वळवता म्हणालो. "फॅनबेल्ट असेल."

"गाडी मघाशीच बंद पडलीय," शालन म्हणाली. "डोळे पुसा, आणि उतरून धक्का मारा."

मी उतरलो.