जाधवजींचं सँपल

छत्रीबागेत आमच्या शेजारी राहणारे जाधवजी कोणाकडेही गेले, की पुढ्यात आलेला पाण्याचा ग्लास आधी उजेडात धरतात, मग हुंगतात आणि विचारतात, "टंकी कधी साफ केली होती?" पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. स्थळ गेलं. "टंकी पण तशीच होती," एवढंच ते म्हणाले.

शहराला पाणी पुरवणाऱ्या एका तलावावर त्यांनी सगळी नोकरी काढली. रोज सकाळी नावेतून जाऊन बाटल्या भरायच्या, लॅबमध्ये तपासायच्या, रजिस्टरमध्ये लिहायचं. तलावाबद्दल ते घरच्या माणसासारखं बोलत. "आज त्याचं पोट ठीक नाही, भिया."

एका उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि वर हिरवी साय आली. जाधवजींनी लिहिलं, सप्लाय बंद करा. लग्नसराई होती. साहेब म्हणाले, शेरा जरा मवाळ करा. जाधवजींनी पुन्हा सँपल घेतलं आणि तोच शेरा जाड अक्षरात लिहिला. दोन दिवस नळ कोरडे. नेमकं त्यातच माझ्या बहिणीचं लग्न. गल्लीत कोणी त्यांच्याशी बोलेना, मीही नाही. ते मात्र लग्नाला आले, अक्षता टाकल्या, टँकरचं पाणी हुंगलं आणि आचाऱ्याला ते उकळायला लावलं. पुढे कोणी आजारी पडलं नाही, त्यामुळे त्यांचं बरोबर होतं हे कोणाला कळायचं कारणच नव्हतं.

मग ते रिटायर झाले. गेल्या वर्षी जाधवकाकू गेल्या. मूलबाळ नाही. तेव्हापासून ते रोज सकाळी आमच्या नळाचं पाणी तपासायला येतात. काचेच्या नळीत दोन थेंब औषध टाकतात. पिवळा रंग आला, की पाण्यात क्लोरीन आहे. रंग बसायला अर्धा तास लागतो म्हणून थांबतात. चहा होतो, पेपर होतो.

एकदा औषधाची कुपी ते आमच्याकडेच विसरले. तिच्यावर छापलं होतं, रंग लगेच पाहावा. मी बायकोला दाखवलं. तिने वाचलं आणि कुपी कोनाड्यात ठेवली, लेबल भिंतीकडे करून.

दुसऱ्या दिवशी जाधवजींनी नळी खिडकीत ठेवली, तेव्हा ती म्हणाली, "काका, संध्याकाळच्या पाण्याचंही सँपल घ्यायला हवं. जेवूनच जात जा."

नळी केव्हाची पिवळी झाली होती. नळीकडे न बघता जाधवजी म्हणाले, "संध्याकाळच्या पाण्याला तासभर लागतो, सूनबाई."