हिराजी पेंटरची अर्धी नावं

चौक गावाहून जुन्या हायवेने लोधिवलीकडे निघालात की तुम्हाला अर्ध्या नावांची माणसं भेटतील. एका पत्र्याच्या दारावर ठसठशीत निळ्या अक्षरांत 'शांता' लिहिलेलं आहे. आत मिशीवाला शांताराम राहतो. एका स्कूटरच्या मडगार्डवर नुसतंच 'मच्छिं' आहे. पंक्चरच्या टपरीवर 'बाळकृ'. रंगवणाऱ्याला मध्येच कुणी जेवायला हाक मारली असेल, असं वाटेल. तसं नाही. ती हिराजी पेंटरची पद्धत आहे.

आमचा वहाळ डोंगरावरून येतो आणि हायवेच्या पुलाखालून पुढे नदीला मिळतो. पावसाळ्यात शनिवार-रविवार तिथे भिजायला गाड्या येतात. गाड्या जातात, बाटल्या, वेफर्सची पाकिटं आणि थर्माकोलच्या थाळ्या राहतात. हिराजीकाकांनी जाहीर करून टाकलं आहे की वहाळातलं प्लास्टिक गोणभर काढून आणा, मी तुमचं नाव तुम्ही म्हणाल तिथे रंगवून देतो. फुकट. मात्र गोण अर्धी असेल तर नावही अर्धं. माणूस आठवडाभर 'मच्छिं' म्हणून हिंडतो, नाक्यावर त्याला त्याच नावाने हाका मारतात आणि बहुतेक पुढच्याच रविवारी तो आपण होऊन पाण्यात उतरतो.

गोण तपासायची काकांची रीत वेगळीच. ते माल उपसून बघत नाहीत, आत डोकं घालून वास घेतात. एका पंचायत सदस्याने भंगारवाल्याकडून कोरड्या बाटल्यांची गोण उचलून आणली होती. काकांनी डोकं बाहेर काढलं.

“ह्याला वहाळाचा वास नाय.”

“काका, प्लास्टिक ते प्लास्टिक,” सदस्य म्हणाला.

“बराबर हाय. आन् नाव ते नाव.”

काकांनी त्याच्या कंपाउंडवर नाव काढून दिलं. आडनावासकट, सुरेख. फक्त चुन्याने काढलं. जूनच्या पहिल्या पावसात सदस्य भिंतीवरून उतरून गटाराला लागले.

ठाकूरवाडीची बुधीबाई रानभाज्या विकायला चौक नाक्यावर बसते. तिने दोन गोणी आणल्या, दोन्ही गच्च. पण तिला घरावर नाव नको होतं. “मला वाचता येत नाय, घरात कुणाला येत नाय,” ती म्हणाली. “मी बसते तिथं काढ.” काकांनी तिच्या बसायच्या जागेवर, फरशीवरच, तिचं नाव काढलं. तेव्हापासून तिची जागा कुणी अडवत नाही. वाचता येणाऱ्यांना वाचता येतं.

आता माझं सांगतो. मी चौक नाक्यावर फ्लेक्स छापतो.

दहावीनंतर तीन वर्षं मी हिराजीकाकांच्या हाताखाली होतो. खडूच्या दोरीने रेघ कशी उठवायची, हाताखाली काठी धरून ब्रश कसा चालवायचा, हे सगळं त्यांनी शिकवलं. “अक्षर बसलं पायजे,” असं दिवसातून वीस वेळा म्हणायचे. उभं राहिलेलं अक्षर त्यांना चालत नसे. पुढे मी मशीन आणलं. दुकानाची पाटी मात्र काकांकडूनच काढून घेतली, आणि त्यांनीही ती दोन दिवस खपून काढली. पंधरा दिवसांनी मी तिच्यावर दिव्यांचा फ्लेक्स ताणून बसवला. काका आले, वर बघितलं. “उजेड चांगला पडतो,” म्हणाले आणि गेले. त्यानंतर एक-दोन वर्षांत या पट्ट्यातलं पाट्यांचं काम संपलं. ते मी संपवलं. दुसऱ्या कुणी संपवलं असतं, हे मला माहीत आहे. पण मी संपवलं.

म्हणून मला काकांच्या हातचं माझं नाव हवं होतं, माझ्या दारावर. ते मिळालं की माफी मिळाली, असं मी धरून चालणार होतो.

पहिल्या रविवारी मी वहाळात उतरलो आणि गोण तासाभरात भरली. निम्मा माल माझाच होता. वाढदिवसाच्या शुभेच्छा, हार्दिक स्वागत, भावी आमदार. झुडपांना अडकलेले, चिखलात हसणारे चेहरे, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव.

काकांनी वास घेतला. “खरी हाय गोण,” म्हणाले. मग एक फ्लेक्स ओढून बघितला. “सगळ्यांवर तुझी सही हाय रं.”

“काढता ना नाव?”

“आज नाय. निळा संपलाय.”

दुसऱ्या खेपेला म्हणाले, “हवा दमट हाय, रंग सुकायचा नाय.” मे महिना होता. तिसऱ्या खेपेला म्हणाले, “तुझ्या दाराची फळी वाकडी हाय, मी जाताना बघितली.” याच दिवसांत त्यांनी बाळकृष्णाचं उरलेलं 'ष्ण' काढून दिलं आणि माथेरानला घोडे धरणाऱ्या एकाच्या दारावर त्याच्या घोड्याचंही नाव काढलं. घोड्याला मिळालं, मला नाही. मी समजायचं ते समजलो.

चौथ्या रविवारी मी गोणीबरोबर पत्र्याची कोरी पाटीही घेऊन गेलो, फळीचं निमित्त नको म्हणून. काका एकटेच पडवीत बसले होते. काकी गेल्यापासून ते एकटेच असतात.

“काका, राग धरलाय ना? पाटीचा?”

“कुठली पाटी?” त्यांना खरंच आठवायला वेळ लागला. “ती व्हय. मशीन आलंच असतं रं. तू आणलंस ते बरं झालं, निदान ऱ्हस्व-दीर्घ तरी नीट छापतोस.”

“मग माझंच नाव का काढत नाही?”

त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं हलत होती. थांबवायला ते जोर लावत होते, तरी हलत होती.

“काठी टेकली तरी ऱ्हात नाय. वरीस झालं.”

“पण बाकीच्यांची काढताच की.”

“त्यांना काय कळतंय? निळं दिसलं की खूश. मच्छिंद्रच्या टिंबाचा बटाटा झालाय, तो मिरवतो गावभर.” त्यांनी हात मांडीखाली घेतला. “ह्या पट्ट्यात अक्षर बघणारा एकच माणूस शिकवला मी. त्याच्या दारावर चुकलेलं काढू?”

मी पाटी त्यांच्यापुढे ठेवली. शेवटी त्यांनी डबा उघडला. निळा भरपूर होता. 'दशरथ' या चार अक्षरांना तास लागला. एकेका वळणाला ते श्वास धरत होते आणि मीही धरत होतो.

“बघ,” ते म्हणाले.

गिऱ्हाइकाला 'एक नंबर' म्हणण्यात माझा जन्म गेला. तेच ओठांवर आलं होतं.

“'श'ची गाठ उतरलीय,” मी म्हणालो. “आणि 'थ' पुढे पळतोय.”

काका माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं. मग ते पाटीकडे झुकले. “कितीनं पळतोय?”

“अर्धं बोट.”

“अर्धं नाय. पाव.”

त्यावरून आम्ही चुलीवरचा चहा होईपर्यंत चांगले भांडलो. इतकं बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. मग त्यांनी रॉकेलचा बोळा घेऊन माझं नाव स्वच्छ पुसून टाकलं.

“पुढल्या रविवारी परत. पण नव्या नावाला नवी गोण, हां.”

दुकान बंद केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. केलेलं नाही. पण त्याला आता बरेच रविवार झाले आणि एकही रविवार मी वहाळ चुकवलेला नाही. दर वेळी एखादं अक्षर सुधारतं, दुसरं बिघडतं, आणि मी ते सांगतो.

गेल्या रविवारी काकांचा हात कसा कोण जाणे, शांत होता. चारही अक्षरं बसली. 'श'ची गाठ जागेवर होती, 'थ' जिथे हवा तिथे. काका काहीच विचारत नव्हते, डबाही झाकत नव्हते. मी एकेक अक्षर परत बघितलं.

“'र' जरा जाडा वाटतोय,” मी म्हणालो.

काकांनी 'र'कडे बघितलं, मग माझ्याकडे.

“व्हय,” ते म्हणाले, “मलापण तसंच वाटत व्हतं,” आणि त्यांनी बोळा उचलला.